एक तास तिच्यासाठी

गेल्या आठवड्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, पोरीचा बास्केटबॉल बंद केला बघा. आता दहावी आली. शिवाय अंधार पडल्यावर मुलीच्या जातीनं बाहेर कशाला राहायचं?" मीही सवयीनं मान हलवली. "बरोबर आहे, आधी अभ्यास," असं म्हणूनही टाकलं.

रात्री मात्र झोप लागेना. कारण हेच वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा मीही शाळेच्या संघात होते. बुटांची नाडी सोडली ती सोडलीच. वाईट याचं वाटलं, की इतक्या वर्षांनी तेच वाक्य मी दुसऱ्या मुलीसाठी इतक्या सहज बोलून मोकळी झाले.

मैत्रिणींनो, आमच्या पुण्याचीच शिरीन लिमये तुम्हाला ठाऊक आहे का? क्रिकेटपटूंची नावं आपल्याला पाठ असतात, पण हिचं नाव कितीजणींनी ऐकलंय कोण जाणे. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळुरूत महिलांच्या आशिया कप स्पर्धेच्या 'ब' गटाचा अंतिम सामना झाला. आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या 'अ' गटात जागा मिळवली. त्या संघात शिरीन होती. पुढे ती भारताची कर्णधारही झाली. ७५-७३! म्हणजे फक्त दोन गुणांचा, एका बास्केटचा फरक. त्या संघातल्या एखाद्या मुलीनं दहावीला खेळ सोडला असता तर?

त्या विजयाच्या वेळी संघात चेन्नईची अनिता पॉलदुराईही होती. ती तेव्हा आई झालेली होती. बाळंतपणानंतर पुन्हा कोर्टवर उतरली आणि जिंकली. २०२१ मध्ये तिला पद्मश्री जाहीर झाली. आपण कौतुक करतो ते तिच्या जिद्दीचं, आणि ते करायलाच हवं. पण आई सरावाला जाते तेव्हा मूल कुणाच्या तरी मांडीवर असतं, हे आपल्याशिवाय कोण जास्त जाणणार?

"खेळून का पोट भरतं?" हा प्रश्न मावशींनीही विचारला. प्रश्न खोटा नाही. आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना क्रिकेटसारखा पैसा नाही. त्यांचा मोठा आधार म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. शिरीन भारतीय रेल्वेकडून खेळली, अनिताही रेल्वेचीच. पगार, सराव आणि सामने, तिन्हीची सोय रेल्वेनं केली म्हणून तर राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या मुलींचा इतका दबदबा राहिला. पण त्या नोकरीच्या दारापर्यंत पोचायला आधी मुलगी दहावीनंतरही कोर्टवर टिकायला हवी ना? आपण तिला नेमकी त्याच्या आधीच घरी बोलावतो.

आता कुणी म्हणेल, सगळ्याच मुली काही शिरीन होणार नाहीत. नाहीच होणार. पण बास्केटबॉलमध्ये एक गोष्ट शिकावीच लागते. "इकडे दे!" असं ओरडून चेंडू मागावा लागतो. ज्या मुलींना आपण "हळू बोल" म्हणून वाढवतो, त्या तिथं मोठ्यांदा आपला हक्क मागायला शिकतात. पडतात, गुडघे झाडतात, पुन्हा धावतात. सासरी, नोकरीत, बसच्या गर्दीत हे कुठं ना कुठं उपयोगी पडतंच.

खेळाडू मोठे झाले की त्यांनी समाजाला काही परत द्यावं, असं आपण म्हणतो. देणारे देतातही. मुंबईच्या नागपाड्यातले अब्बास मुंतासिर भारताचे कर्णधार होते, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते. त्यांनी आपल्याच मोहल्ल्यातल्या साध्या घरांतल्या पोरांना हा खेळ शिकवला. पण ज्या मुली घरच्यांनी खेळूच दिल्या नाहीत, त्या उद्या कुणाला काय परत देणार? म्हणून मला वाटतं, दानधर्माची सुरुवात खेळाडूनं नाही, आपण करायची आहे.

आणि हे मी कर्वेनगरात बसून लिहितेय. एकेकाळी हे हिंगणे बुद्रुक होतं. १९०० साली इथल्या माळावर अण्णासाहेब कर्व्यांनी एका झोपडीत विधवांचा आश्रम आणला. स्वतः रोज चालत फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला जात. त्यांच्या संस्थेसाठी लोकांनी घरोघर भाऊबीज निधी दिला. फार मोठे दाते नव्हेत, साध्या घरांतली माणसं. बहिणीला ओवाळणी घालावी तशी प्रत्येकानं आपल्या ऐपतीप्रमाणे ओवाळणी घातली आणि मुली शिकल्या.

मग आपली ओवाळणी काय असावी? पैसेच हवेत असं नाही. एखादीनं जुन्या बुटांऐवजी नवे बूट घेऊन द्यावेत. एखादीनं शाळेत जाऊन विचारावं, मुलींचा सराव उजेड असतानाच का घेत नाही? कोर्टवर एक दिवा का नाही? एखादीनं संध्याकाळी पोरींना घरी सोडण्याची पाळी घ्यावी. आणि घरात, मुलाला जसं "दमून आलास का रे" विचारतो, तसं मुलीलाही विचारावं. तिच्या वाटची भांडी एक दिवस दादानं घासावीत, काही बिघडत नाही.

काल मी मावशींना म्हटलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी तिला कोर्टवरून मी घेऊन येत जाईन. गणिताचं माझ्याकडे बसून करेल."

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. कणीक मळता मळता थांबल्या आणि म्हणाल्या, "तिच्या बापाला विचारते. पण ताई, तिनं बूट अजून पिशवीतच ठेवलेत हो, टाकू देत नाही."

मी मंगळवारची वाट बघतेय.