संत्र्याचा सौदा आणि विहिरीचा तळ

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ज्या पाण्यावर हे फळ पोसले जाते, त्याचा हिशेब आपल्या व्यापारात कोठेच मांडला जात नाही. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा आपला संत्रापट्टा. त्यातील वरुड व मोर्शी तालुक्यांची नावे भूजलाच्या अतिउपशासाठी अनेक वर्षांपासून सरकारी अहवालांत येत आहेत.

कारण उघड आहे. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि फळ उन्हाळाभर झाडावर राहते. पाऊस येईपर्यंत त्याला विहीर किंवा बोअरच पाजते. काळ्या पाषाणात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांतच साठते. त्याखाली खोल जाणे हा निव्वळ नशिबाचा खेळ. एकाने बोअर खोल नेला की शेजाऱ्याची विहीर आटते, मग तोही खोल जातो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशाच उपशाने समुद्राचे खारे पाणी विहिरींत शिरले. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून विहीर खारी न होता कोरडी पडते, एवढाच फरक.

काही व्यापारी बंधू म्हणतात, पाणी हा शेतकऱ्याचा प्रश्न, आपण माल घ्यावा आणि पैसा द्यावा. हे म्हणणे आम्हांस पटत नाही. झाडावरचा माल उक्ता घेऊन विसार देणाऱ्याची रक्कम मे महिन्यातील फळगळीबरोबर बुडते. कळमन्याच्या बाजारात आवक घटली की अडत्या, हमाल, पेट्या करणारा सुतार आणि ट्रकवाला, सर्वांचीच रोजी तुटते. बाग वाळली तर नवीन झाड फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तितकी वर्षे दुकान रिकामे ठेवणे कोणाला परवडणार?

राज्याचा भूजल कायदा २००९ साली झाला आणि २०१४ पासून लागू आहे. ६० मीटरहून खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. परंतु कायदा कागदावर राहिला तर बोअरची गाडी थांबत नाही. म्हणून शासनाने अंमलबजावणी करावी, आणि आपणही काही करावे, असे आमचे मत आहे.

सौदा करताना फळाबरोबर पाण्याचीही चौकशी करा. ठिबक, झाडाखाली आच्छादन, शेततळे ज्या बागेत आहे, तिला दोन पैसे जास्त द्या, कारण तेथे आपली रक्कम अधिक सुरक्षित आहे. नव्या बोअरसाठी उचल मागणाऱ्यास जुनी विहीर पुनर्भरणाने जिवंत करण्यासाठी उचल द्या. अडत्यांच्या संघटनांनी नाला खोलीकरणाला आणि पाझर तलावातील गाळ काढण्याला हातभार लावावा.

हे दानधर्माचे काम नाही, धंद्याचे आहे. भांडवल जपणारा व्यापारीच टिकतो, आणि संत्र्याच्या व्यापाराचे खरे भांडवल जमिनीखालचे पाणी आहे.