कडी कोणाच्या हातची?

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा प्रथम मनात आल्या त्या वसतिगृहाच्या आठवणी. परंतु त्या माझ्यापेक्षा अधिक रसाळपणे लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. म्हणून आठवणीऐवजी एक सूचना मांडतो. आपल्या शाळेत इयत्ता आठवीपासून पुढच्या मुलामुलींना तारेच्या कड्या गुंफून साखळ्या व दागिने विणण्याची कला शिकवावी.

या सूचनेवर पहिला आक्षेप कोणता येईल, हे मी जाणतो. “आम्ही मोलमजुरी करून लेकरांना शिकायला पाठविले, पुन्हा हातकाम करायला नव्हे,” असे एखादी माउली म्हणेल, आणि तिचे म्हणणे खोटे नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातांना काम होते, पण ते निवडण्याचा अधिकार नव्हता. जातिव्यवस्था माणसाचा धंदा त्याच्या जन्माआधीच ठरवून टाकते आणि त्याची आवड व कुवत विचारातच घेत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात स्पष्ट केले. शेजारच्या वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना मांडली गेली. तशा योजनेकडे आपल्या समाजातील कोणी साशंकतेने पाहिले, तर त्याला दोष देता येणार नाही.

दागिन्याच्या बाबतीत तर आपली आठवण अधिकच बोचरी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांच्या सभेत बाबासाहेबांनी गळ्यातील गळसऱ्या आणि कोपरापर्यंत चढविलेले चांदीचे व कथलाचे गोट टाकून देण्यास सांगितले. ती आभूषणे म्हणजे अस्पृश्यतेची ओळखखूण होती. त्या सभेनंतर अनेक स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धतही बदलली. त्यांचा विरोध दागिन्याला नव्हता, तर दुसऱ्याने लादलेल्या खुणेला होता, असे मी समजतो. जो दागिना मुलगी स्वतः कल्पून, स्वतः मोजून, स्वतः विणते आणि वाटल्यास घालते, वाटल्यास घालीत नाही, तो त्या खुणेच्या नेमका उलट आहे.

आता कलेकडे येऊ. ही वीण नवी नाही. चिलखत आपण इतिहासाच्या पुस्तकांत पाहिले आहे. तलवारीचा वार अडविणारे ते जाळीदार वस्त्र हजारो लहान कड्या एकमेकींत अडकवूनच तयार होत असे. तीच वीण नाजूक तारेत उतरली की हातातली साखळी होते. आरंभाला भट्टी लागत नाही, डाग देणे लागत नाही. चपट्या तोंडाच्या दोन पकडी, तार तोडण्याचे कटर, एक गुळगुळीत सळई आणि तार एवढे पुरते. सरावाला अ‍ॅल्युमिनियमची तार उत्तम, कारण ती मऊ व हलकी असते. पुढे तांबे घ्यावे. मात्र मोटारीच्या वाइंडिंगच्या तारेवर लाखेसारखा थर असतो, म्हणून दागिन्यासाठी उघडी तारच निवडावी.

१.२ मिलिमीटर जाडीची तार ६ मिलिमीटरच्या सळईवर स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळावी, सळईवरून काढून एकेक वेढा कापावा, की कड्या तयार. एका मीटर तारेतून सुमारे ४४ कड्या निघतात. हे उत्तर सहा अधिक एक दशांश दोन, गुणिले पाय, या परिघाच्या सूत्रातून येते. गणिताच्या तासाला कंटाळणारा मुलगा इथे ते सूत्र आपणहून विचारतो. कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, हे गुणोत्तर आरंभीच्या विणीला चार ते पाच असावे. फार कमी झाले तर कडीत कडी शिरत नाही, फार वाढले तर वीण ढिली पडते.

मग एका उघड्या कडीत चार मिटलेल्या कड्या ओवाव्यात, ती मिटावी, आणि दोन डावीकडे, दोन उजवीकडे पसराव्यात. पुढच्या उघड्या कडीत दोन नव्या मिटलेल्या कड्या घेऊन ती उजवीकडच्या दोन्हींतून न्यावी आणि मिटावी. असेच पुढे चालावे. यात एक पथ्य आहे. कडीची दोन टोके एकमेकींपासून दूर ओढायची नाहीत. एक टोक पुढे, एक मागे असे वळवून ती उघडायची आणि तशीच मिटवायची. मला हे ठाऊक नव्हते. माझी पहिली साखळी पुतणीने कौतुकाने हातात घातली आणि संध्याकाळपर्यंत तिचे दोन तुकडे झाले. दोष एका कडीचा होता, पण तुटली सगळी साखळी. तार कापताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि कडीची धार कानशीने मोडावी, हेही आरंभीच शिकवावे.

ही कला कुठे पोहोचू शकते, हे पाहायला फार दूर जाण्याची गरज नाही. अकोल्याहून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी गावात पैंजण व साखळ्या घडविणे हा घरोघरचा उद्योग आहे आणि त्यात स्त्रियांचा मोठा वाटा आहे. आपली मुले तिथे सहलीला जावीत. कारागिराचे हात पाहावेत आणि मजुरी कशी ठरते, घट कोण सोसतो, नफा कोणाकडे जातो, हेही विचारावे. जो नुसते जोडायला शिकतो तो नगावर मजुरी घेतो. ज्याला हिशेबही येतो तो भाव ठरवितो.

म्हणून माझ्या तीन अटी आहेत. पहिली, हा तास ऐच्छिक असावा आणि आठवड्यातून दोन तासांपलीकडे जाऊ नये. पुस्तकाच्या वेळेतून एक मिनिटही घेऊ नये. दुसरी, मुलगे व मुली एकाच बाकावर बसावेत. तिसरी, वस्तू विकली गेली तर पैसे त्या विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावेत, शाळेच्या नव्हे.

डॉक्टर, अभियंता, अधिकारी होण्याचे स्वप्न कोणी लहान करू नये. परंतु परीक्षेत दोन गुणांनी मागे पडलेल्या मुलालाही आपल्या हातून काही नेटके घडू शकते, हे कळले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनी मिळून दहा मुलांपुरती अवजारे व तार आणून दिली, तरी पुढच्या सत्रापासून आरंभ होईल. त्यांतला पहिला पकडीचा जोड मी देतो.