भिडे पूल बुडाला... पुढे काय?

जुलै उजाडला की कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज येतोच : ‘भिडे पूल पाण्याखाली गेला!’ मग लकडी पुलावर गर्दी, रील्स, स्टेटस. दोन दिवसांत पाणी ओसरतं, वाहतूक सुरू होते आणि पुणेकर मुठेला पुन्हा विसरतात.

खरं तर डेक्कनचा हा काठ नीट बघण्यासारखा आहे. पानिपतानंतर पेशव्यांनी इथं लाकडी पूल बांधला, म्हणून तो लकडी पूल. पुढं तो दगडी झाला, पण नाव तेच राहिलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि हजारो संसार वाहून गेले. त्यानंतर शहर वाढलं, गाड्या वाढल्या. मग नदीपात्रात रस्ता आला, पार्किंग आलं, बुटका भिडे पूल आला आणि आता मेट्रोचे खांबही आले. यातलं प्रत्येक काम आपल्या सोयीचं आहे. लेक्चरला उशीर झाला की आपणही पात्रातल्याच रस्त्यानं गाडी दामटतो. त्यामुळे सगळं खापर प्रशासनावर फोडून मोकळं होता येणार नाही.

गोची अशी, की एकेक काम छोटंच वाटतं. पण पात्र थोडं थोडं आवळत गेलं, की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. म्हणून तर नकाशावर पूररेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, तेव्हा या रेषांची आठवण सगळ्यांना झाली.

आता मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं सुशोभीकरण सुरू आहे. फिरायला छान जागा कुणाला नको? पण आधी नदीत जाणारं सांडपाणी थांबावं आणि पात्राची रुंदी शाबूत राहावी, हा आग्रह आपण धरायलाच हवा. हे शहर पुढची पन्नास वर्षं आपल्यालाच वापरायचं आहे.

यंदा तो मेसेज आला, की फॉरवर्ड करण्याआधी एक काम करू या. आपलं घर, आपलं हॉस्टेल निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर, एवढं तरी शोधू या.