ज्वारीच्या पोत्यात मावणारी दया

दर अष्टमी-चतुर्दशीला बस्तीसमोर कबुतरांना ज्वारी टाकायची, हा नेम मी वीस वर्षं पाळला. मूठ सोडली की पंखांचा फडफडाट व्हायचा आणि आपल्या हातून जीवदया घडली, या समाधानात मी घरी यायचे. आज लिहिते आहे ते त्या समाधानाविरुद्ध. तुमच्या आधी माझ्या स्वतःच्या.

दोन वर्षांपूर्वी बस्तीमागची झुडपं काढून तिथे दाणे टाकायला फरशीचा कट्टा करायचं ठरलं. वर्गणीत माझेही पैसे होते. बोर, घाणेरी, अडुळसा, उंबराचं एक वेडंवाकडं रोप, सगळं अर्ध्या दिवसात साफ झालं. संध्याकाळी शेजारची कॉलेजातली मुलगी कचऱ्याच्या ढिगात काहीतरी शोधत होती. ती रविवारी पक्षी बघणाऱ्यांबरोबर फिरते, दिसेल त्याची वहीत नोंद करते. तिने मला एकमेकांना शिवलेली दोन पानं दाखवली. आत कापसाची गादी होती.

"काकू, शिंप्याचं घरटं की हो हे. तीन पिल्लं होती. परवाच लिहून ठेवलेलं मी."

कुणीतरी म्हणालं, "झुडूपच होतं की गं ते!" मी काही बोलले नाही. चोचीत हिरवी अळी धरून एक एवढंसं पाखरू कुंपणाच्या तारेवर इकडून तिकडे उड्या मारत होतं. त्याला भरवायला कुणी उरलं नव्हतं.

त्या रात्री मला आईचं पाणी गाळणं आठवलं. ती नुसतं गाळून थांबत नसे. गाळणं उलटं धरून वरून पाणी ओतायची आणि अडकलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायची. जीव वाचवायचा तर त्याची जागाही त्याला परत द्यायची, एवढा विचार त्या फडक्यात होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी हे करणाऱ्या आपण, डोळ्यांदेखत शिवलेलं घरटं कचऱ्यात टाकतो. का? तर आपण बघतच नाही. आणि न बघता, बेसावधपणे जी होते ती हिंसाच, हे पर्युषणात दरवर्षी ऐकतो.

कबुतरांना आपली गरज आहे, असं तरी कुठे आहे? भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 सालचा अहवाल सांगतो की कबुतरं मजेत वाढताहेत आणि 178 जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं. त्यांत नीलकंठ आहे. आपल्या कर्नाटकाचा तो राज्यपक्षी, तोच झपाट्याने कमी होतोय. त्याला ज्वारी नको. त्याला मोकळं माळरान हवं, त्यातले टोळ-किडे हवेत.

इथेच आपलं घोडं अडतं. कबुतर दाणे खातं म्हणून ते आपल्यातलं. किडे खाणारं पाखरू नको, मेलेलं ढोर खाणारं गिधाड तर नकोच! पण तत्त्वार्थसूत्र रचणाऱ्या उमास्वामींना आपली परंपरा गृध्रपिच्छाचार्य म्हणते, ते गिधाडाच्या पिसांच्या पिंछीवरूनच ना? त्याच गिधाडांचा गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने जवळजवळ निर्वंश केला. 2006 साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्यासाठी आपण कुठली वर्गणी काढली?

मला म्हणतात, "काकू, पक्षी बघणं हा रिकामटेकड्यांचा छंद. दुर्बीण घेऊन हिंडायला आम्हाला कुठला वेळ?" बाई, हिंडायला सांगतंय कोण! पहाटे सडा टाकताना दयाळ कुठल्या तारेवर गातो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कपडे वाळत घालायच्या दोरीला शिंजिराने लोंबतं घरटं बांधलं, तुळशीशेजारच्या कुंडीत बुलबुलाने अंडी घातली, हे पहिल्यांदा दिसतं ते घरातल्या बाईलाच. फक्त ती ते लिहीत नाही. पुरुषांनी पाहिलं की ती नोंद होते, आपण पाहिलं की "अगं, काय सांगू" होऊन ओट्यापाशीच विरतं. वर सांगितलेला अहवाल तीस हजारांवर पक्षी बघणाऱ्यांच्या नोंदींतून उभा राहिला. त्यांतले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखेच साधे लोक. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात, त्याला पंधरा मिनिटं पुरतात. आपली मोठी जपमाळ यापेक्षा जास्त वेळ घेते.

घरट्याचा पत्ता मात्र सगळ्यांना वाटत सुटू नका. फोटोसाठी गर्दी झाली की आईबाप घरटं सोडतात. पाहावं, लिहावं आणि दूर व्हावं. बुलबुलाला अंड्यापासून उडेपर्यंत जेमतेम महिना लागतो, तेवढा महिना ती फांदी छाटू नका.

कट्टा अजून आहे. दाणे पडतात, कबुतरं येतात, मला कुणाशी भांडायचं नाही. पण पुढच्या वेळी बस्तीभोवती काही साफ करायचं निघालं तर वर्गणी देण्याआधी मी विचारणार आहे, "आत कोण राहतंय ते बघितलं का?" तुम्हीही विचारा. माझं हे विचारायचं राहून गेलं, आणि त्याची किंमत तीन पिल्लांनी दिली.