नोट्स टाकल्या, पण कुणासाठी?

परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो येतात आणि आपण ‘सुटलो बुवा’ म्हणतो. आमच्या वर्गातल्या दृष्टिहीन मित्राचा स्क्रीन रीडर मात्र तिथेच गप्प होतो. टाइप केलेली अक्षरं तो घडाघडा वाचतो, फोटोतलं अक्षर त्याला लागत नाही.

ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून त्यांची केवायसी अडायची. त्या कोर्टात गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

आदेश सरकार आणि बँकांना आहेत. आपल्या ग्रुपला कुणी नोटीस धाडणार नाही. तरी नोट्स टाइप करून टाकूया की! ‘वाचून दाखव ना रे’ असं तो दर वेळी म्हणतो, तेव्हा मला माझ्याच आळसाची लाज वाटते.