रेक्वाझा आणि घरचे तिघं

रविवारी कब्बन पार्कात गाड्यांना बंदी असते. मुलांना घेऊन ‘पोकेमॉन गो’ खेळायला बंगळुरूत याहून बरी जागा मला तरी माहीत नाही. मोठ्या रेडची ठरलेली वेळ तशी बुधवारी संध्याकाळी ६ ते ७, पण तेव्हा आपण सिल्क बोर्डाच्या ट्रॅफिकमध्ये! त्यामुळे वीस जणांचा घोळका काही मिळत नाही. रविवारी घरचे तिघं, आणि समोर रेक्वाझा.

मागच्या वेळी आम्ही हरलो. लेकीने हट्टाने सगळे लाडके उतरवले होते, सर्वांत पुढे चारिझार्ड. वेळ संपली तेव्हा बॉसची पट्टी बोटभर उरली होती. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून हा हिशेब.

पाच ताऱ्यांच्या बॉसला १५,००० एचपी असतात आणि आपल्याला मिळतात ३०० सेकंद. म्हणजे सेकंदाला ५०, तिघांत प्रत्येकी साधारण १७. जमण्यासारखं आहे, पण सीपी बघून टीम निवडली तर नाही. रेक्वाझा ड्रॅगनही आहे आणि फ्लाइंगही, आणि बर्फापुढे दोघंही कच्चे. म्हणून आइस हल्ला त्याला १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६ पट लागतो. चारिझार्डची आग ड्रॅगनला लागते जेमतेम ०.६२५ पट. चौपट फरक! लेकीला हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कुठे ती ऐकायला तयार झाली.

तेव्हा दिसेल तो स्विनब पकडत राहा. त्याचा पिलोस्वाइन होतो आणि पुढे सिनोह स्टोन दिला की मामोस्वाइन. त्याचे दोन्ही हल्ले बर्फाचेच हवेत, पावडर स्नो आणि ॲव्हलांश. जमिनीचा हल्ला शिकलेला असेल तर टीएम वापरून बदला, कारण उडणाऱ्याला तो फारच कमी लागतो. सगळा स्टारडस्ट एकावर ओतण्यापेक्षा तीन-चार मामोस्वाइन मध्यम तयारीचे केलेले बरे. गेम आपणहून जी टीम सुचवतो तिच्यावर विसंबू नका. तो बऱ्याचदा ॲग्रॉनसारखे चिवट पण हळू मारणारे गडी निवडतो, आणि इथे आपली लढाई घड्याळाशी आहे. म्हणूनच प्रत्येक वार चुकवत बसू नका. मोठा वार येतोय असं दिसलं तरच डॉज करा.

सहाही पडले तरी घड्याळ थांबत नाही. दुसरी टीम आधीच सेव्ह करून ठेवा आणि लगेच परत आत शिरा. एक जण आत लढत असेल तोवर बॉसचं झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून तिघांनी एकदम बाहेर पडू नये.

हवामानही बघा. जून-जुलैत इथे वारा सुटतो, आणि ‘विंडी’ दिसलं की रेक्वाझाचे वार जास्त लागतात. पकडल्यावर तो वरच्या पातळीचा मिळतो, हा मोह आहेच, पण तिघंच असाल तर पास राखून ठेवा. बर्फ पडला की आपल्या आइसवाल्यांना जोर चढतो म्हणे, पण कब्बन पार्कात तो कधी पडायचा!

जिंकलात तरी रेक्वाझा अजून पकडायचा असतो, मोजक्या पांढऱ्या बॉलमध्ये. गोल्डन रॅझ बेरी द्या, त्याचा वार संपत येईपर्यंत थांबा आणि मगच बॉल सोडा. तेवढ्यात कुणी ‘चला, भुट्टा खाऊ’ म्हणालं तरी मान वर करू नका.