मरण पात्राचे, हळहळ प्रेक्षकांची

सातारा/सांगली : फेब्रुवारी २०२० मध्ये झी मराठी वाहिनीवरील 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका अखेरच्या टप्प्यात आली, तेव्हा तिचा शेवट काय होणार हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक होते. ११ मार्च १६८९ रोजी जे घडले, ते कोणत्याही लेखकाला बदलता येणारे नव्हते. तरीही तो शेवट पडद्यावर पाहावा लागू नये, अशी भावना सर्वत्र व्यक्त झाली. छळाची दृश्ये दाखवू नयेत, अशी जाहीर मागणी झाली आणि मालिकेच्या कर्त्यांनीही तशीच भूमिका घेतली.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्रेक्षकांचे या कथेशी असलेले नाते केवळ करमणुकीचे नाही. कैद झालेल्या संभाजी महाराजांना सोडविण्याचा प्रयत्न सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे झाला, अशी तेथील परंपरागत श्रद्धा आहे. महाराजांचे पुत्र शाहू यांनी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला आणि मोगलांच्या कैदेतून १७१९ मध्ये सुटलेल्या महाराणी येसूबाई याच साताऱ्यात परतल्या. ज्या गावांत ही माणसे आजही घरच्यासारखी बोलली जातात, तेथे तीनशे वर्षांपूर्वीचा मृत्यूही नव्याने जिव्हारी लागतो. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा याच प्रसंगावर चित्रपटगृहांत हुंदके ऐकू आले. गुजरातमधील भरूच येथे तर एका प्रेक्षकाने संतापाच्या भरात पडद्याचेच नुकसान केले.

इतिहासाने ठरवलेले, आधीपासून ठाऊक असलेले मरणही जर एवढे असह्य होत असेल, तर लेखकाने आपल्या मर्जीने एखाद्या लाडक्या पात्रावर ओढवलेले मरण प्रेक्षकांनी निमूटपणे कसे स्वीकारावे? दैनंदिन मालिकांच्या काळात हा प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो. त्याचे उत्तर 'प्रेक्षक भाबडे असतात' एवढ्यावर संपत नाही.

नाट्यपंढरीचा धडा

मराठी नाटकाचा प्रारंभ ज्या सांगलीत झाला, तेथे १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सादर केलेला खेळ 'सीतास्वयंवर' हा होता, म्हणजे विवाहाचा मंगल प्रसंग. संस्कृत नाट्यपरंपरेनेही रंगमंचावर मृत्यू दाखविणे सामान्यतः टाळलेले होते. भासाचे 'ऊरुभंग' हा त्यातील ठळक अपवाद. इंग्रजी नाटकांच्या, विशेषतः शेक्सपिअरच्या परिचयानंतर मराठी रंगभूमीवर शोकांतिका रुजू लागली. मूळचे सांगलीचे असलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या आरंभीच्या नाटकाच्या नावातच 'सवाई माधवरावांचा मृत्यू' होता. प्रेक्षकांना आधीच सांगून, मनाची तयारी करवून घेऊन दाखविलेला हा मृत्यू होता.

त्यानंतरचे सर्वांत मोठे उदाहरण राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'चे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्यानंतर महिनाभरात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यात रंगभूमीवर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांचे गाव. भरजरी शालूंसाठी ओळखला जाणारा हा नट त्या भूमिकेत ठिगळाचे लुगडे नेसून उभा राहिला, ही गोष्ट आजही जुन्या रसिकांच्या घराघरांत सांगितली जाते. सिंधू मरते, सुधाकरही उरत नाही. 'तिला का मारलेत?' असा जाब विचारावा, तर लेखक स्वतःच हयात नव्हता. तरीही ते नाटक शंभर वर्षे टिकले, कारण सिंधूचे मरण हे दारूच्या पहिल्याच प्याल्यापासून एकेक पायरी चढत आलेले होते. प्रेक्षक रडला, पण आपली फसवणूक झाली असे त्याला वाटले नाही.

वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरीही याच पंक्तीत बसते. शिगावची जोगणी आपल्या गावी आणताना राणोजी मारला जातो आणि तेथूनच कथेला खरी गती येते. पुढे त्याचा मुलगा फकिरा आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःहून इंग्रजांच्या स्वाधीन होतो. वारणेच्या खोऱ्यातील वाचकाने या बापलेकांसाठी डोळे पुसले. पण लेखकावर राग धरला नाही. या बलिदानाशिवाय ती कथा उभीच राहिली नसती, हे त्याला उमगले होते.

होम्स ते मिहिर

वाचकाचा राग लेखकाला झुकवू शकतो, याचे जगातील गाजलेले उदाहरण शेरलॉक होम्सचे. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्यात लोटून मोकळे होण्याचा प्रयत्न केला. ऐतिहासिक कादंबऱ्या हेच आपले खरे काम, असे त्यांचे मत होते. वाचकांना मात्र ते मान्य नव्हते. 'स्ट्रँड' मासिकाची वर्गणी बंद करणाऱ्यांची रीघ लागली. १९०१ पासून प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत डॉयल यांनी होम्सच्या पूर्वायुष्यातील प्रकरण सांगून वेळ मारून नेली. पण अखेर १९०३ मध्ये होम्स मेलाच नव्हता, असे त्यांना लिहावे लागले.

भारतात 'शोले' १९७५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा जयचा मृत्यू प्रेक्षकांना रुचणार नाही या भीतीने शेवट बदलण्याचा विचार निर्मात्यांनी केला होता. तो बदल झाला नाही आणि तो मृत्यूच चित्रपटाचा कणा ठरला. दूरचित्रवाणीवर मात्र उलटे घडले. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेत मिहिर विराणी या नायकाचा मृत्यू दाखविण्यात आला आणि देशभरातून नाराजीचा असा पूर आला, की मिहिरला परत आणावे लागले. पुढे अभिनेते बदलले, तरी मिहिर जगला. त्या एका प्रसंगाने मालिकांच्या लेखकांना दोन गोष्टी शिकविल्या. पात्राचा मृत्यू हा प्रेक्षकसंख्या वाढविण्याचा हमखास मार्ग आहे आणि तो मृत्यू मागेही घेता येतो. येथूनच मरणाचे मोल घसरू लागले.

मृत्यू कोण ठरवतो?

नाटक किंवा कादंबरी एका लेखकाची असते. दैनंदिन मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि या सर्वांवर वाहिनी व निर्मितीसंस्था यांचा अंतिम शब्द, अशी रचना असते. दर आठवड्याला येणारे टीआरपीचे आकडे पुढच्या आठवड्यांची कथा ठरवितात. एखाद्या कलावंताला दुसरे काम मिळाले, मानधनावरून बिनसले, कथेने काही वर्षांची उडी घेतली किंवा आकडे घसरले, की पात्राला अपघात होतो, असाध्य आजार जडतो किंवा ते परदेशी रवाना होते. प्रेक्षक ज्याला 'लेखकाने मारले' म्हणतो, ते पात्र अनेकदा हिशेबाच्या वहीत आधीच मेलेले असते. संतापाचा धनी मात्र कधी अनामिक लेखक होतो, तर कधी खलनायकाची भूमिका करणारा नट.

पात्र न मारता चेहरा बदलणे हा दुसरा मार्ग. साताऱ्यात चित्रीकरण होणाऱ्या 'मुलगी झाली हो' मालिकेत विलास पाटील ही भूमिका करणारे किरण माने यांना जानेवारी २०२२ मध्ये मालिकेतून वगळण्यात आले. त्यामागची कारणे दोन्ही बाजूंनी वेगवेगळी सांगितली आणि वाद राज्यभर गाजला. पात्र कागदावर जिवंत राहिले. पण ज्या चेहऱ्याशी प्रेक्षकांचा जिव्हाळा जडला होता तो गेला. अनेकांच्या दृष्टीने तोही एक प्रकारचा मृत्यूच होता.

आणि कधी मरण खरे असते. 'आई माझी काळूबाई' या मालिकेच्या चित्रीकरणासाठी साताऱ्यात आलेल्या ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांना करोनाची लागण झाली आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यातच त्यांचे निधन झाले. तेव्हा पडद्यावरील पात्राच्या भवितव्याची चर्चा करणेही क्षुल्लक वाटावे, अशी परिस्थिती होती. पडद्यावरचा मिहिर परत येऊ शकतो, माणूस येत नाही, याची जाणीव त्या दिवशी सर्वांनाच झाली.

जेथे बळी विसरले जातात

सातारा परिसर गेल्या काही वर्षांत मराठी मालिकांचे मोठे चित्रीकरण केंद्र बनला. 'लागिरं झालं जी' (२०१७-१९) या मालिकेने येथील बोली, येथील सैनिकी परंपरा आणि येथील वाडे घरोघरी पोहोचविले. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या 'देवमाणूस'ने मात्र लाडक्या पात्राच्या मृत्यूचा प्रश्नच उलटा करून ठेवला.

वाई तालुक्यातील धोम येथे ऑगस्ट २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडाची पार्श्वभूमी या मालिकेला होती. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसावर सहा खुनांचा आरोप ठेवण्यात आला. हा प्रकार २००३ पासून सुरू होता आणि बेपत्ता झालेल्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. मालिकेत एकामागून एक स्त्रिया येत, प्रेक्षकांशी ओळख होईपर्यंत टिकत आणि मारल्या जात. त्यांच्यासाठी हळहळण्यास सवड मिळण्यापूर्वी पुढची येई. खुनी मात्र कथेचा नायकच होता. त्याला मारले तर मालिकाच संपणार. पहिले पर्व ऑगस्ट २०२१ मध्ये संपले, दुसरे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झाले आणि २०२५ मध्ये 'मधला अध्याय' नावाने तिसरेही आले.

येथे प्रेक्षकांच्या नाराजीला वेगळा अर्थ प्राप्त होतो. ज्या कुटुंबांनी आपली माणसे खरोखर गमावली, ती याच जिल्ह्यात राहतात. त्यांच्या दृष्टीने ही पात्रे म्हणजे कथेतील वळणे नव्हेत. एखाद्या लाडक्या नायकाच्या मृत्यूवर आसवे ढाळणारा समाज ज्यांच्या मरणावर कथा उभी राहिली त्या स्त्रियांची नावेही लक्षात ठेवत नसेल, तर दोष केवळ लेखकाचा म्हणता येणार नाही. कोणाच्या मरणाला किती वेळ द्यायचा, हे लेखक ठरवतो. पण कोणाच्या मरणाने अस्वस्थ व्हायचे, हे प्रेक्षकच ठरवतो.

हक्क आणि मर्यादा

मग प्रेक्षकाचा हक्क कितपत? आवडत्या पात्राला अमरत्व मिळावे, ही मागणी कोणत्याही लेखकाने मान्य करू नये. २०१६ मधील 'सैराट'चा शेवट प्रेक्षकांच्या इच्छेने लिहिला असता, तर आर्ची आणि परश्या सुखाने नांदले असते आणि चित्रपटगृहातून सुन्न होऊन बाहेर पडलेल्या हजारो लोकांना ऑनर किलिंगचा प्रश्न तितक्या तीव्रतेने भिडला नसता. लोकांच्या आग्रहाखातर वाचविलेले पात्र पुष्कळदा केवळ श्वास घेत राहते. त्याची कथा संपलेलीच असते.

मात्र मरणाला कारण असावे आणि मेलेल्या पात्राची उणीव उरलेल्यांना भासावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी अर्धा तास देणारा प्रेक्षक त्या कुटुंबाचा सदस्यच झालेला असतो. त्या कुटुंबातील माणूस सोमवारी जातो आणि बुधवारी घरात लग्नाची सनई वाजते, तेव्हा प्रेक्षकाला बोचतो तो शोक नव्हे, अपमान बोचतो.

नाट्यपंढरीतील जुना प्रेक्षक सिंधूसाठी रडला आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा तिकीट काढून गेला. तिचे मरण बदलणार नाही, हे त्याला ठाऊक होते आणि ते बदलावे असेही त्याला वाटत नव्हते. आजचा प्रेक्षक मालिकेतील मृतदेहाकडे पाहून 'हा परत येणार का?' असे विचारतो. पात्रे मरतात याबद्दलची तक्रार जुनीच आहे; त्यांच्या मरणावर आता कोणाचा विश्वास उरलेला नाही, ही मराठी मालिकांच्या लेखकांनी अधिक गांभीर्याने घ्यावी अशी बाब आहे.